सगळ्यांचा मोत्या, पण पेशंट कुणाचा?

इंजिनिअरिंगच्या पोरांना 'मायनर' या शब्दाबद्दल फारसा आदर नाही. मायनर प्रोजेक्ट आदल्या रात्री होतो, मायनर करेक्शन खाडाखोड करून भागतं. त्यामुळे वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या तुकड्यानं मोत्याचा पुढचा पंजा कापला आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी "किरकोळ आहे" असं सांगितलं, तेव्हा सगळं हॉस्टेल निश्चिंत झालं. विषय संपला!

खरं तर विषय तिथून सुरू झाला. चार टाके घालायला अर्धा तास पुरला. अवघड होतं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलेलं : बारा दिवस पळू द्यायचं नाही, पट्टी ओली होऊ द्यायची नाही, जखम चाटू द्यायची नाही.

ज्यांना मोत्या माहीत आहे त्यांनी आतापर्यंत हसायला सुरुवात केली असेल. जोडीतली एकच चप्पल पळवणारा, वाळत घातलेले मोजे ओढून नेणारा, वॉचमनकाकांच्या सायकलमागे गेटपर्यंत धावणारा हा वांड प्राणी बारा दिवस शांत बसणार? पहिले दोन दिवस तो बसलाही. पंजा ठणकत होता, बिचारा करणार काय! माझं म्हणणं असं की, काळजी त्या दोन दिवसांत घ्यावी लागतच नाही. दुखणं स्वतःच पेशंटला जागेवर बसवतं. काळजी लागते ती तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, दुखायचं थांबतं तेव्हा.

सिव्हिलवाल्यांना हे चटकन समजेल. स्लॅब दुसऱ्या दिवशी घट्ट दिसतो, त्यावर माणूस चालूही शकतो. म्हणून कोणी लगेच सेंटरिंग काढतं का? जखमेचंही तसंच. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाईत जातात, मग नवीन पेशी भरायला लागतात. तोवर कातडी एकत्र धरून ठेवण्याचं काम टाकेच करत असतात. म्हणूनच ते साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. त्यात पंज्याची गादी म्हणजे शरीराचा भार पेलणारी जागा. प्रत्येक पावलाला ती दाबली जाते, पसरते. एक जोरदार उडी, आणि चार टाक्यांचे दोन टाके!

"कुत्रं चाटून चाटून जखम बरी करतं" हे आपल्याकडे आज्यांपासून सीनियरपर्यंत सगळे सांगतात. चाटण्यानं थोडी घाण निघते हे खरं, पण टाके घातलेल्या जखमेवर ती खरखरीत जीभ सारखी फिरली की टाके उसवतात आणि तोंडातले जंतू आत जातात. शिवाय उघड्या ओल्या जखमेवर माशी बसली तर किडे पडायला वेळ लागत नाही. त्यासाठी गळ्याभोवती कोनासारखी कॉलर घालतात. बाजारात मिळते, पण आपण इंजिनिअर ना? फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगमध्ये 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' सगळ्यांनी रडत रडत काढलेलं आहे. समजा कुत्र्याच्या गळ्याचा घेर ३६ सेंटिमीटर आहे. जाड पण वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या शीटवर एकाच केंद्रातून दोन अर्धवर्तुळं काढा, आतलं साडेअकरा सेंटिमीटर त्रिज्येचं, बाहेरचं साडेएकतीसचं. मधली अर्ध्या कंकणासारखी पट्टी कापून गोल वळवली की आतली कड बरोबर ३६ सेंटिमीटरची होते. जोडासाठी दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा, आतल्या कडेला जुन्या टी-शर्टची पट्टी चिकटवा, गळ्याशी दोन बोटं जातील एवढी सैल बांधा. कॉलरची बाहेरची कड नाकाच्या टोकापुढे थोडी आली पाहिजे, नाहीतर आमचे वस्ताद तिच्यावरूनही पंजा गाठतात.

राहिला प्रश्न अंगातल्या मस्तीचा. साखळीला बांधून ठेवलं की मस्ती जिरत नाही, साठत जाते आणि मग पट्टी फाडण्यात बाहेर पडते. कुत्र्याला दमवायला पळवावंच लागतं असं नाही. त्याचं नाक कामाला लावलं तरी ते दमतं. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत पोळीचे तुकडे लपवून द्यायचे, तीन उलट्या वाट्यांपैकी एकीखाली खाऊ ठेवून शोधायला लावायचं. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं असं काम दिलं की वर्कशॉपच्या दोन तासांनंतर आपण पडतो तसा तोही पडतो. फिरायला न्यायचं ते शू-शीपुरतं, आखूड दोरीनं, पंज्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. परत आल्यावर पिशवी काढायची, नाहीतर आत घामानंच पट्टी ओली होते. आणि पट्टीबाहेर दिसणारी बोटं सुजलेली किंवा गार लागली, वास आला, पट्टीतून पाणी झिरपायला लागलं, तर आपलं डोकं न चालवता सरळ दवाखाना.

डोकं न चालवण्याचा सल्ला औषधांनाही लागू आहे. हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये अंगदुखीच्या गोळ्यांचं एक पाकीट असतंच. प्रेमानं उतू जाऊन कोणीतरी त्यातली अर्धी गोळी पोळीत घालून देतं. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊ शकतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला महागात पडू शकतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा हेही त्याच्यासाठी विषारीच. म्हणजे पंज्याच्या चार टाक्यांतून सहज बरा होणारा मोत्या आपल्या लाडानं मरू शकतो.

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. हॉस्टेलमध्ये नामदेवांची कमी नाही. मोत्याला लागल्याच्या दिवशी दूध आलं, अंडी आली, बिस्किटांचे सात पुडे आले. फोटो तर विचारूच नका. पण रात्रीची गोळी कोण देणार, सकाळी पट्टी कोण बघणार, परवा ड्रेसिंगला कोण नेणार, असं विचारलं की सबमिशन आठवतं. तुपाची वाटी घेऊन सगळे तयार, कापूस आणि सलाईन घेऊन कोणीच नाही! बरं, आळस म्हणावा तर तोही नाही. प्रत्येकाला मनापासून वाटतं की दुसऱ्या कोणीतरी केलं असेल. परिणामी एखाद्या वेळची गोळी दोनदा जाते आणि एखाद्या वेळची जातच नाही.

कोणी म्हणेल, कुत्र्याचे एवढे लाड कशाला, इथे माणसांना कोण विचारतं? अगदी बरोबर! डेंग्यूनं पडलेल्या रूममेटचंही आपण हेच करतो. भेटायला बाराजण, नारळपाणी आणायला चौघं, आणि प्लेटलेट्सच्या तपासणीला नेताना एकटा रूम पार्टनर. सवय एकच आहे, मोत्यामुळे ती दिसली एवढंच.

आणि ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांचाही या हॉस्टेलवर आपल्याइतकाच हक्क आहे. एरवी गरीब असलेलं कुत्रंसुद्धा दुखऱ्या जागेला हात लागला की चावू शकतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून चावलं, ओरखडलं किंवा आपल्या जखमेला त्याची लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लसीसाठी हॉस्पिटल गाठायचं. "आपला मोत्या आहे, काही होत नाही" हे वाक्य लस नव्हे. मोत्याला रेबीजची लस कधी दिली, हे हॉस्टेलमध्ये दहाजणांना विचारा. दहाजण सांगतील, "दिली असेल की." कार्ड मात्र कोणाकडेच नाही.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची भटकी कुत्री हलवावीत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत आणि पुन्हा त्याच जागी आणून सोडू नयेत, असा आदेश दिला. त्यावर मेसमध्ये भरपूर वाद झाले, दोन्ही बाजूंनी ताटं वाजली. मला वाटतं, वादापेक्षा एक गोष्ट स्वच्छ आहे. ज्याच्या नावावर कोणी नाही, ते कुत्रं कायद्याच्या लेखी भटकंच. त्याला तीनशे पोरांनी मोत्या म्हटल्यानं काही बदलत नाही.

तेव्हा मित्रांनो, या बारा दिवसांत तीन गोष्टी करूया. एक, मेसच्या मेनूशेजारी एक तक्ता लावा : तारीख, गोळी, पट्टी, फिरवणं, आणि प्रत्येक रकान्यात एकाच माणसाची सही. दोन, टाके काढायला नेऊ त्याच दिवशी लस आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोलून मोत्याचं कार्ड करून घ्या. तीन, आणि हे जड जाईल, त्याच्यासाठी एक घर शोधा. स्टाफ क्वार्टर्समधले कोणी सर, मॅडम, गावाकडे अंगण असलेला कोणी मित्र, मेसच्या मावशी... कोणीही चालेल, पण एकच. आपण चार वर्षांनी डिग्री घेऊन जाणार, मोत्याला तेव्हाही कोणीतरी लागणार आहे. तो हॉस्टेलवरून गेला तर सगळ्यांनाच चुकल्यासारखं होईल, मलाही. पण तो जवळ असावा ही आपली हौस झाली, त्याची सोय नव्हे.

आणि हो, वर्कशॉपमागचे पत्र्याचे तुकडे अजून तिथेच आहेत. एका रविवारी दहाजणांनी हातमोजे घालून तासभर दिला तर ते काम होईल. मोत्याच्या फोटोला लाइक करणाऱ्यांपैकी दहाजण पुरेत.