अण्णांचं पान गेलं, आपलं किती दिवस?

आज फवारणीचं नाही, लिहिण्याचं बोलायचंय.

निफाडकडचे एक अण्णा होते, द्राक्षातले जुने बागायतदार. ब्लॉगवर रोज बागेचं टिपण लिहायचे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीनं बागा झोडपल्या. तेव्हा सोललेल्या काड्यांचं काय केलं, खरड छाटणी कधी घेतली, पुढच्या हंगामाला माल कुठल्या काडीवर आला, सगळं तारखेनिशी. माझी बाग त्यावर सावरली. कोरोनात अण्णा गेले.

यंदा पुन्हा गारा पडल्या. ते टिपण काढायला गेलो तर त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात! पत्त्याचं वर्षाचं भाडं असतं, ते भरायचं राहिलं. पोराला तरी काय माहीत? वडील सातबारा ठेवून जातात, पासवर्ड कोण सांगतं?

माझ्या वडिलांची ७२ च्या दुष्काळातली वही घरात आहे. कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण विहिरीला किती हात पाणी होतं ते आजही वाचता येतं.

पुतण्यानं मग वेबॅक मशीन दाखवलं. अमेरिकेत ब्रूस्टर केल यांनी १९९६ ला इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था काढली, तिचंच हे काम. २००१ पासून सगळ्यांना फुकट खुलं आहे. जुना पत्ता टाकायचा, त्या त्या तारखेला साठवलेलं पान उघडतं. अण्णांची ३७ पानं मिळाली. गारपिटीची दोन मिळाली, छाटणीचं नाही. फोटोंच्या जागी नुसत्या चौकटी.

आता ब्लॉग कोण लिहितं? सगळे रील आणि ग्रुपवर. ग्रुपवरही जाणती माणसं लाखाचं सांगतात, पण दोन दिवसांत ते 'शुभ सकाळ'च्या ढिगाखाली जातं. बरं, हे पेज तरी कुठं आपलं आहे? जिओसिटीज २००९ ला बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. दुसऱ्याच्या चाळीत कांदा भरला की चावी त्याच्याकडंच राहणार. आणि लॉगिन मागणारी पानं वेबॅकला नीट उचलता येत नाहीत, म्हणजे माझी ही टिपणं तिथंही सापडायची नाहीत.

फुकट जागा दिली म्हणून कंपनीवर रागावून उपयोग नाही. मी दर अमावस्येला, काम बंद असतं तेव्हा, महिन्याची मुख्य टिपणं वहीत उतरवतो. वर्षातून एकदा सेटिंगमधून पेजचा सगळा माल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घेतो. सुनेला पासवर्ड सांगून ठेवलाय. (ती म्हणाली, आधी कपाटाची चावी द्या.) ज्यांचे जुने ब्लॉग अजून उघडतात त्यांनी आजच बॅकअप काढा, वेबॅकमध्येही पानं साठवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक विनंती. अण्णांची एप्रिल २०१४ ची छाटणीची टिपणं कुणी प्रिंट काढून किंवा फोनमध्ये फोटो घेऊन ठेवली असतील तर मेसेज करा. मला तर हवीतच, त्यांच्या पोरालाही हवीत.