दोन दगड आणि एक तिथी

साताऱ्याकडच्या आमच्या गावी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढेच तिच्यावर कोरलेले. नाव एकाचेही नाही. महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांत अशा पाट्या आहेत. आमच्या पाटीवरच्या आकड्यात एक आमचे पणजोबा.

ते मराठा पलटणीतून ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले आणि परतले नाहीत, इतकेच घरात ठाऊक होते. मृत्यूचा कागद आला, पण पणजीने तो चुलीत घातला, असे आजोबा सांगत. युद्धकैदी सुटून येऊ लागले तेव्हा ती रोज वेशीपर्यंत जाऊन येई. कुंकू तिने शेवटपर्यंत पुसले नाही. तिच्यामागे आजोबांनी पणजोबांचे श्राद्ध सुरू केले ते सर्वपित्री अमावास्येला. तिथी कोणालाच माहीत नव्हती.

निवृत्तीनंतर मी शोधाला लागलो. पणजोबांची पलटण १०३वी मराठा. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती इराकमधल्या कुट येथे वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, असा जवळजवळ पाच महिने तो वेढा चालला. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस पुढे आले; धर्म बुडेल म्हणून अनेक हिंदी शिपायांनी ते दीर्घकाळ नाकारले. अखेर सुमारे तेरा हजार लोक शरण गेले.

या मोहिमेत पडलेल्या, पण ज्यांच्या कबरीचा वा चितेचा ठावठिकाणा नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला १९२९ साली उभे राहिले. १९९७ मध्ये ते शहराबाहेर हलवले गेले. त्यांतले बहुसंख्य हिंदी. मात्र गोऱ्या शिपायाचे नाव दगडावर आणि आमच्या शिपायांची पलटणीखाली फक्त संख्या! स्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगाने २०२१ साली ही विषमता जाहीरपणे मान्य केली.

म्हणजे गावातही आकडा आणि बसऱ्यातही आकडाच. नाव मिळाले ते आयोगाच्या नोंदवहीत. स्पेलिंग चुकलेले, पण पलटण, वडिलांचे नाव, गाव, सारे जुळत होते. पुढे मार्च १९१६ मधली तारीख. पणजी वेशीवर वाट पाहत होती, त्याच्या कितीतरी आधीची.

जुन्या पंचांगावरून तिथी काढली. यंदा पितृपक्षात त्या तिथीला पान वाढले आणि पणजोबांच्या शेजारी पणजीचेही नाव घेतले.

बसऱ्याचा दगड आपल्या हातात नाही. चावडीवरचा आहे. त्या आकड्याखाली नावे कोरायला एका ग्रामसभेचा ठराव आणि चार घरांतल्या वृद्धांच्या आठवणी पुरेशा आहेत. मात्र त्या आठवणी फार दिवस थांबणार नाहीत.