आंबेहळद लोणच्यात हवी, जखमेवर नको

महात्मा फुले मंडईत डिसेंबर लागला की ओली हळद, आले आणि लिंबांच्या ढिगांशेजारी एक फिकट, मातकट कंद दिसू लागतो. नवखे गिऱ्हाईक तो आले समजूनच उचलते. मग गाळ्यावरची मावशी नखाने साल खरवडून कंद त्याच्या नाकाशी धरते. ऐन थंडीत कैरीचा वास! ही आंबेहळद. दिसते आल्यासारखी, पण आहे हळदीच्या कुळातली. शास्त्रीय नाव कर्क्युमा अमाडा.

लिंबू, मीठ, आले, हिरवी मिरची आणि ओल्या हळदीबरोबर तिचे लोणचे अनेक घरांत होते. कोशिंबिरीत किसून घातली तरी छान लागते. इथवर सगळे ठीक. गोंधळ होतो तो पुढे. नेहमीच्या हळदीचे सगळे गुण या बहिणीच्या नावावरही परस्पर जमा केले जातात. वास्तविक हळदीला पिवळेपणा देणारे कर्क्युमिन हिच्यात फारच थोडे असते. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००० साली आंबेहळदीचा सूज कमी करणारा गुण दाखवला, पण तो अर्क देऊन, पांढऱ्या उंदरांवर. घरी उगाळलेला लेप आणि माणसाचा सुजलेला घोटा यांबद्दल त्यावरून फार काही सांगता येत नाही.

इथे कोणीतरी हळदीच्या पेटंटची आठवण काढतोच. जखमेवर हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ साली रद्द झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने दिलेला तो लढा अभिमानाचाच आहे. पण पेटंट रद्द झाले ते हे ज्ञान नवे नव्हते म्हणून. हळदीने प्रत्येक जखम बरी होते, असा निकाल त्यात कोणी दिला नव्हता.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मुका मार लागून येणाऱ्यांच्या पायावर आंबेहळदीचा वाळलेला लेप ही नेहमीची गोष्ट आहे. लेप लावला म्हणून रागवण्यात अर्थ नाही. साध्या मुरगळीला गरम लेपाने बरे वाटते, हे खोटे नाही. प्रश्न उशिराचा आहे. लेप लावून चार-पाच दिवस वाट पाहिली जाते आणि मग एक्स-रेत हाड मोडलेले निघते. घोट्याला मार लागल्यावर स्वतःच्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी एक्स-रे काढावा. म्हातारे माणूस पडून खुबा दुखत असेल, तर लेपाचा विचारही नको.

मधुमेहींचे तर वेगळेच. पायाची संवेदना गेलेली असते, त्यामुळे कढत लेपाने पाय भाजला तरी कळत नाही. उघड्या जखमेवर कंद उगाळून लावणे म्हणजे मातीतले जंतू, धनुर्वाताचेही, आत नेण्याची सोय. शिवाय लेपाच्या रंगाखाली पसरत जाणारी लाली दिसत नाही आणि डॉक्टरला तर तीच पाहायची असते. काष्ठौषधींच्या दुकानातल्या वाळक्या चकत्या आंबेहळदीच्याच आहेत, की कचोरा किंवा रानहळदीच्या, हे ओळखणेही सोपे नसते. हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की भाजीतल्या हळदीने नव्हे, पण अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

ओळखीची खात्री हवी असेल, तर घरीच लावणे उत्तम. मंडईतून आणलेल्या कंदांपैकी डोळे फुगीर असलेले दोन-तीन कोरड्या वाळूत ठेवून द्यावेत. मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या सरीला, तळाला भोके असलेल्या पसरट कुंडीत दोन इंच खोल लावावेत. सकाळचे ऊन पुरते. पाणी साचले की कंद कुजतो, मरतो तो बहुतेक यानेच. पान चुरगळून हुंगले तरी कैरीचा वास येतो. डिसेंबर-जानेवारीत पाने पिवळी पडून आडवी झाली, की पाणी तोडावे, पंधरा दिवसांनी कुंडी उपडी करावी आणि पुढच्या वर्षीचे बियाणे बाजूला काढून उरलेल्याचे लोणचे घालावे.