माळावरची धाव आपलीही आहे

गेल्या डिसेंबरची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत सुप्याजवळच्या माळावर शहरातल्या काही हौशी मंडळींनी धावण्याचा कार्यक्रम ठेवला होता. डांबरी रस्ता टाळून गाडीवाटेनं, बांधाकडेनं, कोरड्या ओढ्यातून पाच किलोमीटर जायचं. पहिला-दुसरा नंबर नव्हता. कुणी लाल टोपी घातलेली, कुणी कापसाची दाढी लावलेली, कुणी लेकराला खांद्यावर घेतलेलं. सगळ्यात शेवटी येणाऱ्यालाही पदक आणि गरम पोहे.

आमच्या वस्तीतल्या चार बायका तिथं होत्या, पण धावायला नाही. पाण्याच्या टेबलावर ग्लास भरायला रोजानं गेल्या होत्या. मी आरोग्याचं काम करते, म्हणून प्रथमोपचाराची पेटी घेऊन मलाही बोलावलं होतं. शिट्टी वाजली, लोक निघाले, आणि आमच्यातली बारावीत शिकणारी एक पोर हातातला जग खाली ठेवून त्यांच्यामागं पळत सुटली. अंगात पंजाबी ड्रेस, पायात प्लॅस्टिकच्या चपला. अर्ध्या वाटेत चपला तिनं हातात घेतल्या. परत आली तेव्हा पायात दोन काटे होते आणि तोंडभर हसू. काटे मीच काढले. तिला कुणी अडवलं नाही. कुणी बोलावलंही नव्हतं.

त्या दिवसापासून मी वस्तीत एकच गोष्ट बोलत आले आहे : यंदा आपण धावायचं. पाणी वाटायला नाही, धावायला जायचं. त्यावर मला जी उत्तरं मिळाली, ती या पानावर मांडते, कारण तीच उत्तरं तुमच्याही वस्तीत मिळतील.

पहिलं उत्तर : “आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला पाहिजे व्यायाम?” हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. ऊस तोडणारी, खुरपणारी, विटा वाहणारी बाई संध्याकाळी घरी येते तेव्हा तिला पळायला सांगणं हा तिचा अपमान होईल. तिला आधी विश्रांती, पोटभर अन्न आणि लोहाची गोळी हवी. पण आपली वस्ती आता सगळी रानात राबत नाही. कुणी रिक्षा चालवतो, कुणी एमआयडीसीत बारा तास एका जागी उभा असतो, कुणी शिलाई मशीनवर वाकलेली असते, कुणी कचेरीत खुर्चीवर. अंग दमतं, पण हृदयाला, फुफ्फुसाला चालना मिळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. मी दारोदार फिरते तेव्हा ज्या घरात एकही गोळी चालू नाही, असं घर शोधावं लागतं.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. संविधानाचं काम चालू असतानाच्या काळात पायांच्या दुखण्यानं त्यांना रात्र-रात्र झोप नसे. १९५६ साली ते आपल्याला सोडून गेले तेव्हा त्यांचं वय ६५ होतं. धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. आणखी दहा वर्षं त्यांची प्रकृती टिकली असती तर काय झालं असतं, हा विचार आपल्यातल्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी आलेला आहे. मग भिंतीवर त्यांचा फोटो लावणाऱ्या घरानं स्वतःच्या साखरेकडं दुर्लक्ष का करावं?

दुसरं उत्तर : “नाताळ आपला सण नाही.” खरं आहे. पण सुट्टी सगळ्यांची आहे, आणि शेजाऱ्याच्या आनंदात सामील झाल्यानं कुणाची बावीस प्रतिज्ञा मोडत नाही. त्यात देव नाही, पूजा नाही. लाल टोपी नको असेल तर घालू नका. आणि २५ डिसेंबर ही तारीख आपल्याला परकी आहे का? १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली. आपण हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतो. सुप्याला तर जुलमी कागद जाळण्याची त्याहून जुनी आठवण आहे. १२ मे १८७५ रोजी याच सुप्याच्या बाजारात कर्जानं गांजलेले शेतकरी उठले आणि सावकारांची खतं, वह्या पेटवल्या. तिथून तो उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. अशा गावात २५ डिसेंबरला सकाळी विहारात वंदना घेऊन, निळं निशाण हातात घेऊन पोरी माळावर धावल्या तर त्याइतकं शोभणारं दुसरं काय आहे?

वंदनेवरून आठवलं. धावणं-चालणं हे धम्माबाहेरचं आहे असं कुणी समजू नये. भगवान बुद्ध पंचेचाळीस वर्षं पायी चारिका करत राहिले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याच्या साधनेचे, पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास सोसतो, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेलं पचतं आणि मिळवलेली एकाग्रता जास्त काळ टिकते. यातलं चौथं डॉक्टरही सांगतात. पाचवं ज्यांनी पहाटे चालून पाहिलं त्यांना ठाऊक आहे.

आणि पाचवं शील? डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे थर्टी फर्स्ट. कुठल्या वस्तीत त्या रात्री काय होतं, मी लिहायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी १ जानेवारी, भीमा कोरेगावला जायचं. गाडीतळापासून विजयस्तंभापर्यंत चालताना आपल्यातले किती तरुण धापा टाकतात ते पाहा. ज्याला सकाळी सहाला मित्रांबरोबर पळायचं आहे, तो आदल्या रात्री बाटलीपासून आपोआप लांब राहतो. व्यसनमुक्तीची शंभर भाषणं जे करत नाहीत, ते पहाटेची एक टोळी करते.

तिसरं उत्तर बायकांचं, हळू आवाजातलं : “लोक काय म्हणतील? या वयात ट्रॅक पँट घालून?” खरं सांगते, गेल्या वर्षी मी स्वतः याच लाजेनं धावले नाही. माझं वय सत्तेचाळीस, साखर सीमेवर, डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. पेटी सोडून जाता येत नाही, असं मी मनाला सांगितलं. ते कारण खोटं होतं. पोर गेली, मी उभी राहिले.

पण कपड्यांचा प्रश्न आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वीच सुटायला लागला आहे, तोही नाताळच्याच आठवड्यात. महाडच्या त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या आया-आज्यांशी बोलले. ज्या नेसण्यानं आणि दागिन्यांनी जात ओळखू येते ते टाकून द्या, स्वच्छ आणि नीट नेसा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. लुगडं कसं नेसायचं हे जातीनं ठरवू नये म्हणून त्या बदलल्या. मग आज अंगभर कपडे, पायात बूट असा पोशाख करताना कुणाच्या नजरेनं आपण थांबायचं? आणि साडीतच बरं वाटत असेल तर साडीत चाला. बारामतीच्या लता करे आजी नऊवारीतच धावल्या.

त्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. साठी उलटलेल्या, मजुरी करणाऱ्या लताबाई २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात उतरल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, बक्षिसाची रक्कम पाहिजे होती, म्हणून. पुढं त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, आणि त्याला ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण आरोग्याच्या पानावर लिहिताना मला दुसरी बाजू सांगावीशी वाटते : म्हातारपणी एका बाईला नवऱ्याच्या तपासणीसाठी अनवाणी पळावं लागलं, ही कौतुकाइतकीच शरमेची गोष्ट आहे. गरिबानं गरजेपोटी पळायचं आणि ज्याच्याकडं आहे त्यानं मजेसाठी पळायचं, ही वाटणी मला मान्य नाही. मजेसाठी धावणं हाही हक्क आहे. पाणवठ्याचा हक्क होता, तसा.

आता माळच का, ते सांगते. डिसेंबर म्हणजे ऊसाचा हंगाम. माळेगाव, सोमेश्वरकडं जाणाऱ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात धावत असतात, कित्येकांना मागचा दिवाही नसतो. त्या रस्त्याच्या कडेनं पळणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. आपला सुपे भाग जिरायती, मोकळा, उघडा. मातीच्या वाटा भरपूर. मयूरेश्वर अभयारण्य लागूनच आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारांसाठी १९९७ साली राखलेलं. त्याच्या आत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. बाहेरच्या वाटेवरही कर्णा लावायचा नाही, फटाके नाहीत, वेफर्सची पाकिटं टाकायची नाहीत. हरणाला पळवून आपण पळालो, तर पहिलं शील घरी ठेवून आलो.

उद्यापासून काय करायचं? हातात सहा-आठ आठवडे पाहिजेत, म्हणून आताच सुरुवात करा.

आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. जिना चढताना धाप लागत असेल तर आधी रक्त वाढवा, मग धाव. विदर्भातून पोटासाठी इकडं आलेल्या काही कुटुंबांत सिकलसेल असतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात पळू नये आणि पाणी कमी पडू देऊ नये. गरोदर बायांनी, छातीत दुखणाऱ्यांनी, हृदयाचं औषध चालू असलेल्यांनीही विचारूनच यावं.

पहिले दोन आठवडे फक्त चाला, रोज अर्धा तास. आठवड्याला दीडशे मिनिटं, एवढंच जागतिक आरोग्य संघटना किमान मागते. मग एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटं चाला, असं आलटून पालटून. पळताना शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी पाच किलोमीटर चालतच पूर्ण करावेत. माळ कुणाला हसत नाही.

माळावर बाभळीचे काटे आणि सुटी खडी असते. पोरांचे शाळेचे कॅनव्हासचे बूटही चालतील, पण अनवाणी नको. मधुमेह असणाऱ्याच्या पायाला काटा लागला तर तो कळतही नाही, आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. घरी आल्यावर तळपाय पाहा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते आठवा. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी पळू नका, खिशात साखर किंवा गूळ ठेवा. छातीत दाब, चक्कर, घाम असं काही झालं तर लगेच थांबा आणि १०८ ला फोन करा.

राहिला पैशाचा प्रश्न. शहरातल्या मंडळींच्या कार्यक्रमाची फी एका घराची दोन दिवसांची मजुरी खाते. त्यांना मी या पानावरून नम्रपणे सांगते : आमच्या माळावर धावताय, आनंद आहे, पण गावातल्या पोरींसाठी वीस-पंचवीस जागा विनाशुल्क ठेवा, आणि टेबलावर पाणी भरायला पुरुषही बोलवा. त्यांनी ठेवल्या तर जाऊ. नाही ठेवल्या तर आपलं अडत नाही. विहारापासून निघून माळाला वळसा घालून परत विहारात यायला कुणाची फी लागत नाही. महिला मंडळानं चहा आणि शेंगदाण्याची चिक्की करावी. नाव विचारून कुणाला परत पाठवू नये. धनगरवाड्यातली, मराठा आळीतली, मुसलमान मोहल्ल्यातली पोरं आली तर तीही आपलीच.

त्या पोरीनं यंदा पदवीला प्रवेश घेतलाय. पहाटे ती आमच्या दारात येऊन कडी वाजवते. सध्या मी तिच्यामागं बरीच लांब असते. ती वळून उभी राहते, मी पोचते, मग पुन्हा निघतो. २५ डिसेंबरला पाण्याच्या टेबलामागं आम्ही दोघीही नसणार. तुमच्या वस्तीतून कोण येतंय?

जय भीम.