दोष गिअरबॉक्सचा की क्लचचा?

नाशिकहून मुंबईला माल पाहण्यास गेलेल्या व्यापाऱ्याच्या गाडीची खरी परीक्षा परतताना कसारा घाटाच्या चढावर होते. इंजिन गर्जते, पण वेग वाढत नाही. ‘गिअरबॉक्स गेला’ असे निदान घाईने होते आणि मोठा खर्च अंगावर येतो. हाताने गिअर बदलण्याची गाडी असेल, तर गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी पुढील लक्षणे पारखावीत.

वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचे फेरे वाढले, वेग मात्र वाढला नाही, तर बहुधा क्लच प्लेट घसरत असते. जळका वास ही तिचीच खूण. इंजिन बंद असता गिअर सहज पडतो, पण चालू असता अडतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी क्लचची केबल किंवा तेल आधी तपासावे.

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. दाबल्यावरच सुरू झाली, तर रिलीज बेअरिंगवर. एखादाच गिअर निसटत असेल, तर लिव्हरची जोडणी व गिअरबॉक्समधील तेलाची पातळी पाहून मगच आतील दोष मानावा.

क्लचवर पाय टेकवून गाडी चालविल्याने प्लेट अकाली झिजते. उतारावर न्यूट्रल करणे तर जिवावर बेतणारे. इंजिनाचा रोध सुटतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो.

माल पारखून घेणाऱ्याने दुरुस्तीचे कारणही पारखावे आणि बदललेला जुना भाग मागून पाहावा.