आवृत्ती दुसरी, अश्वशक्ती तीच

शुक्रवारी ऑफिसात मीटिंग झाली. आमची आठ वर्षं जुनी सिस्टिम मोडीत काढून सगळं पहिल्यापासून लिहायचं, असा प्रस्ताव. मांडणारा मीच! घरी येईपर्यंत माझाच विश्वास डळमळला. कारण काय, तर एक अमेरिकन डिझेल इंजिन. हसू नका, सांगतो.

इंजिनाचं नाव एसडी४०-२. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह डिव्हिजनने १९७२ साली आणलेलं, सहा आसांचं, मालगाड्या ओढणारं धूड. नावातला '-२' म्हणजे दुसरी आवृत्ती. मग ताकद वाढवली असेल ना? छे! १९६६च्या एसडी४० मध्ये १६ सिलिंडर आणि ३००० अश्वशक्ती होती, यातही तेवढीच. बदल झाला तो मुख्यतः बोगीत आणि विजेच्या कपाटात. पूर्वीच्या रिले आणि वायरींच्या जंजाळाऐवजी तिथे काढता-घालता येणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं आली. बिघडलं कार्ड काढा, दुसरं खोचा, गाडी सोडा. मशीनचंही तसंच. पिस्टन, लायनर, हेड असा एका सिलिंडरचा अख्खा संच बदलता येतो, बाकीच्या पंधरांना धक्का न लावता. थोडक्यात, ही आवृत्ती जाहिरातीसाठी नव्हती, शेडमधल्या फिटरसाठी होती.

याच कंपनीकडे १९६५ पासून एसडी४५ होतं : २० सिलिंडर, ३६०० अश्वशक्ती. कागदावर बघून कुणीही तेच घेईल. पण सुरुवातीला त्याच्या लांबलचक क्रँकशाफ्टने दगा दिला, शिवाय चार सिलिंडर जास्त सांभाळायचे. आणि मिळकत काय? जड मालगाडी संथपणे चढ चढते तेव्हा ओढ ठरते ती चाकांच्या रुळावरच्या पकडीवर, आणि चाकं दोघांनाही बाराच. वरच्या ६०० अश्वशक्तीचा उपयोग वेग घेतल्यावर. अखेर रेल्वे कंपन्यांनी एसडी४०-२ जवळजवळ ४००० घेतली. कित्येक पुन्हा बांधून आजही यार्डात आणि छोट्या मालगाड्यांवर राबताहेत.

म्हणजे जुनं ते सोनं? तसंही नाही. आजच्या इंजिनांपुढे हे डिझेल जास्त पितं, धूरही जास्त सोडतं. सुधारणा हवीच होती. १९८१च्या एसडी५० मध्ये त्याच १६ सिलिंडरांना ताणून ३५०० अश्वशक्ती काढायला गेले, आणि तक्रारींचा पाऊस पडला. मग १९८४ साली एसडी६० बरोबर नवं ७१० मशीन आलं. नवं म्हणजे किती नवं? सिलिंडरचा व्यास तोच, पिस्टनची धाव फक्त एक इंचाने वाढवलेली. ते मात्र टिकलं.

खरं सांगायचं तर माझ्या प्रस्तावात 'नवं', 'वेगवान' हे शब्द ढीगभर होते. रात्री दोन वाजता फोन वाजला तर कोणता भाग काढून कोणता बसवायचा, यावर एक ओळही नव्हती. आणि तो फोन घेणारी आमच्या टीममधली दोन पोरं त्या मीटिंगमध्ये गप्प बसली होती.

सोमवारी प्रस्ताव मागे घेणार आहे. नाक थोडं कापलं जाईल, चालेल. आधी त्या दोघांना विचारतो, सगळ्यात जास्त झोप कोणता मोड्यूल मोडतो. तेवढाच बदलू. पुढचं पुढे.