पक्क्याची बायको
खिडकी क्रमांक ३ / रांगेकर

"हा पक्का आहे हो, तो अजून कच्चा," असं गेल्या रविवारी वधू-वर मेळाव्यात माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या. पक्का म्हणजे ग्रीन कार्ड मिळालेला मुलगा. कच्चा म्हणजे त्याच्या आधी व्यासपीठावर येऊन गेलेला, एच-१बी व्हिसावरचा. पक्क्याचं नाव पुकारल्याबरोबर अर्ध्या सभागृहाने पेनं काढली. कच्च्याच्या वेळी मंडळी बटाटेवड्यात होती. निवेदिकेनेही पगार एकदा सांगितला आणि "ग्रीन कार्ड होल्डर आहे बरं का" हे दोनदा.

मी भाचीसाठी गेलो होतो, व्याख्यान द्यायला नव्हे, म्हणून तिथं तोंड बंद ठेवलं. ते इथं उघडतो. नव्या नवरीला अमेरिकेत न्यायला किती वेळ लागेल, एवढाच प्रश्न असेल तर काकूंचा हिशेब साफ उलटा आहे. कच्च्याची बायको काही महिन्यांत विमानात बसते. पक्क्याची बायको इथं बसून कुणाचा नंबर आला ते सांगणारं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन वाचते.

माझ्या माहितीतल्या दोघींचंच सांगतो. दोघी एकाच कॉलेजच्या, लग्नंही एकाच हंगामातली. पहिली नाशिकची, नवरा डॅलसला एच-१बीवर, म्हणजे कायद्याच्या लेखी तात्पुरता कामगार. दुसरी साताऱ्याची, नवरा सॅन होजेला, ग्रीन कार्डवाला, म्हणजे कायमचा रहिवासी. लग्नात दुसरीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पहिलीच्या वडिलांच्या चेहऱ्यावर नव्हतं, हे मी जेवता जेवता पाहिलं आहे.

पहिलीने लग्नाचा दाखला घेतला, नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि लग्नाचे फोटो गोळा केले, एच-१बी वाल्याच्या बायकोला लागणाऱ्या एच-४ व्हिसाचा अर्ज भरला आणि वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत देऊन आली. अपॉइंटमेंट मिळायला रडावं लागलं. हल्ली लागतंच, त्यावर या खिडकीतून मी पुरेशी बोंब मारली आहे. पण एच-४ ला वार्षिक कोटा नाही. एच-१बीचा कोटा कामगाराला लागतो, त्याच्या बायकोला लागत नाही. नवरा तिथं आहे, बायको त्याची आहे, एवढं पटलं की शिक्का. ती गेली. तिला तिथं लगेच नोकरी करता येत नाही, ही तिची तक्रार खरी आहे. एच-४ वाल्यांना कामाचा परवाना २०१५ पासून मिळू लागला, पण तोही मुख्यतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाइल एका टप्प्यापुढे गेली तरच. तरी ती तक्रार ती स्वतःच्या स्वयंपाकघरातून करते आणि नवरा समोर बसून ऐकतो.

दुसरीच्या नवऱ्याने लग्न होताच बायकोला नेण्यासाठीचा आय-१३० अर्ज टाकला. तो पोहोचला त्या दिवसाची तारीख तिच्या कपाळी लागली, त्या तारखेला या रांगेतले लोक पीडी, म्हणजे प्रायॉरिटी डेट, म्हणतात. रांगेचं नाव एफ-२ए : ग्रीन कार्डधारकांच्या बायका, नवरे आणि एकवीस वर्षांखालची मुलं. या रांगेला वर्षाकाठी साधारण ८७,९०० व्हिसा आहेत, सगळ्या जगाला मिळून. त्यातले तीन चतुर्थांश देश न बघता, तारखेच्या क्रमाने वाटले जातात. म्हणजे नोकरीच्या ग्रीन कार्डात भारतीयाला जी वेगळी शिक्षा आहे, ती इथं नाही. सगळ्या देशांच्या बायका एकत्रच ताटकळतात. समता म्हणतात ती हीच असावी.

आता कुणीही विचारेल, मग तोवर टूरिस्ट व्हिसावर जाऊन यावं. त्या व्हिसाच्या अर्जात सरळ प्रश्नच आहे, तुमच्यासाठी कधी कुणी इमिग्रंट पिटिशन दाखल केली आहे का? आय-१३० हीच ती पिटिशन, म्हणून खरं उत्तर 'हो'. आणि 'हो' म्हटलं की खिडकीमागचा अधिकारी म्हणतो, बाई, तुम्हाला तर तिथं कायमचं राहायचंय, तुम्ही परत कशाला याल? कायद्यात पाहुण्याने आपण परत येणार हे सिद्ध करायचं असतं. ते करता आलं नाही की नकार. नवऱ्याला भेटायची ओढ हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. गंमत अशी की ही परत येण्याची अट एच-१बी आणि एच-४ वाल्यांना लागू नाही. त्यांनी मनात कायमचं राहायचं ठेवलं तरी कायद्याची हरकत नसते. १९९० च्या ज्या कायद्याने ही सवलत दिली, त्याच कायद्याने एफ-२ए चा आजचा कोटा बांधला. एकाच शाईने एकीला दार, दुसरीला नंबर.

मग नवऱ्याने यावं. तोही येऊन येऊन किती येणार? सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला तर पुढे नागरिकत्वाच्या वेळी सलग वास्तव्यावर प्रश्न येतो. वर्षाहून जास्त राहिला आणि आधी परतीचा परवाना काढलेला नसला तर कार्डच धोक्यात. त्यामुळे ही जोडपी दुबईला नाहीतर बँकॉकला भेटतात. नातेवाईक म्हणतात, मजा आहे बुवा, तिसरा हनिमून.

आणि हाच नवरा उद्या अमेरिकन नागरिक झाला तर? तर कोटा संपला. नागरिकाची बायको मोजणीच्या बाहेर, १९६५ च्या कायद्यापासून ती 'निकटची नातलग'. अर्जाच्या तपासणीला वेळ लागतो, कधी वर्षाहूनही जास्त, पण व्हिसाच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही. तात्पुरत्याची बायको चटकन, नागरिकाची बायको बऱ्यापैकी चटकन, आणि मधल्याची, ज्याला आमच्या काकू पक्का म्हणतात त्याची, बुलेटिनवर.

बरं, ही रांग कायम सारखी असती तर माणूस मनाची तयारी तरी करतो. जुलै २०१९ पासून जवळजवळ पावणेचार वर्षं एफ-२ए 'करंट' होती, म्हणजे तारखेची अडचणच नव्हती. त्या काळात लग्नं ठरवणाऱ्यांना सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं, काही नाही, वर्ष-सव्वा वर्षात जाईल मुलगी. मग एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये तारीख मागे ढकलली गेली ती थेट ८ सप्टेंबर २०२० वर, म्हणजे त्याआधी अर्ज टाकलेल्यांनाच व्हिसा. एका महिन्यात अडीच वर्षांची रांग तयार. २०२२ मध्ये हौसेने बॅगा भरून ठेवलेल्या मुलींचं काय झालं असेल ते समजून घ्या. यात कुणाचा डाव नव्हता. मागणी कोट्यापेक्षा जास्त झाली, एवढंच. पण डाव नसला म्हणून बॅग आपोआप रिकामी होत नाही.

नवराबायकोला तीन वर्षं वेगळं ठेवणं फार होतं, हे अमेरिकन काँग्रेसला कळत नाही असं नाही. २००० साली त्यांनी याच बायकांसाठी 'व्ही' नावाचा व्हिसा काढला. अर्ज तीन वर्षं पडून असेल तर बायकोने तिकडे येऊन, नवऱ्याजवळ राहून वाट बघावी. उत्तम. फक्त अर्ज २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेला हवा. त्या तारखेनंतर लग्न केलेल्यांच्या विरहाची तीव्रता बहुधा कमी असते.

आता माझं जुनं तुणतुणं. साताऱ्याच्या मुलीचं लग्न श्रावणात ठरलं, तेव्हा मुलाचं ग्रीन कार्ड व्हायचं होतं. वकिलाने मुलाला सांगितलं होतं की कार्ड मंजूर व्हायच्या आत कायदेशीर लग्न झालेलं असेल तर बायको त्याच फाइलवर, त्याच तारखेवर मागून येऊ शकते, वेगळ्या रांगेची गरज नाही. म्हणजे चार माणसांत साधे विधी करून नोंदणी केली असती तरी चाललं असतं. मुलीने घरी विषय काढला. गुरुजी म्हणाले, चातुर्मासात लग्न? तुळशीचं लग्न होऊ द्या. आजी म्हणाल्या, आधी कागदावर लग्न आणि मग मांडवात, हे काय थेर. कार्ड दसऱ्याच्या सुमाराला आलं. लग्न मार्गशीर्षात लागलं, सनई-चौघड्यासह, उत्तम मुहूर्तावर. छत्तीसपैकी गुण किती जुळले होते मला माहीत नाही, पण सदतीसावा हुकला. मी या सदरात कितीतरी वेळा लिहिलं आहे की परदेशस्थ मुलाच्या पत्रिकेत जन्मवेळेइतकीच व्हिसाची तारीख मांडली पाहिजे. दर वेळी ज्योतिषप्रेमींची पत्रं येतात. येऊ द्या. गुरूचं पाठबळ नसलेल्या मुलीसाठी शांत आहे. एफ-२ए साठी कुठली शांत आहे ते गुरुजींनी कळवावं, मी छापतो.

राहिला प्रश्न मधली वर्षं काढायची कशी. यावर उपदेश करणारे इतके आहेत की मी थोडक्यात आटोपणार होतो. पण साताऱ्याच्या मुलीने जे केलं ते मला बरं वाटलं. तिने नोकरी सोडली नाही. सासूबाईंची इच्छा होती की "आता जायचंच आहे तर" राजीनामा देऊन टाकावा. या "जायचंच आहे तर" ने किती मुलींची किती वर्षं खाल्ली आहेत! गाडी चालवायला शिकायचं नाही, घर भाड्याने घ्यायचं नाही, एम.ए.ला प्रवेश घ्यायचा नाही, साधा फ्रिज घ्यायचा नाही, कारण जायचंच आहे. तिने फ्रिजही घेतला. सासर पुण्याला, नवरा तिथं नाही, मग सुनेने त्या घरात राहायचं ते कुणाच्या नात्याने, हा प्रश्न तिने लाजत का होईना विचारला. मग नवराबायकोने मिळून ठरवलं की ती साताऱ्यालाच राहील आणि सणाला पुण्याला जाईल. पहिल्या गौरीला थोडं वाजलं. मग सवय झाली, सासूबाईंनाही.

"अजून नेलं नाही का नवऱ्याने?" हा प्रश्न मात्र सवयीचा होत नाही. तो विचारणाऱ्याच्या डोळ्यांत दुसराच एक प्रश्न असतो, तो तोंडाने कुणी विचारत नाही. हिने त्यावर युक्ती केली. असा प्रश्न आला की ती म्हणते, "त्यांनाच विचारा ना," आणि तिथल्या तिथे सॅन होजेला फोन लावून देते. तिकडे पहाटेचे पाच असले तरी. दोन-तीन आत्यांना असा फोन जोडून दिल्यावर चौकशी ओसरली. नवऱ्याने झोपेतून उठून, शांतपणे कोटा समजावून सांगितला म्हणे. ज्याच्या पक्केपणापायी हे सगळं चाललंय, त्याने एवढं करायलाच हवं.

बुलेटिन महिन्यातून एकदाच निघतं. तरीही माणसं केसचं स्टेटस दिवसातून दहादा उघडतात. उघडल्याने ते बदलत नाही, हे सांगून उपयोग नसतो, वीज मंडळाचं बिल भरणाऱ्यांनाही मी ते कधी पटवू शकलो नाही. या दोघांनी काम वाटून घेतलं. बुलेटिन त्याने बघायचं आणि तारीख हलली तरच सांगायचं. रोजच्या फोनमध्ये तो विषय नाही. फोन आपल्या रात्री साडेनऊचा. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे नऊ, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की आठ. त्या एका तासावरून त्यांचं दर नोव्हेंबरात भांडण होतं. नवराबायकोत असायला हवीत तशी किरकोळ भांडणं त्यांनी चालू ठेवली आहेत, हे मला बुलेटिनपेक्षा आशादायक वाटतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, कारण ती विचारणारी पत्रं सारखी येतात. नवरा नागरिक होईपर्यंत थांबून मग अर्ज टाकू, असं काहीजण करतात. कशाला? अर्ज आत्ता टाकावा. सर्वसाधारणपणे कार्डाला पाच वर्षं झाली की नागरिकत्व मागता येतं, अर्ज त्याच्या नव्वद दिवस आधी करता येतो. नागरिकत्व मिळालं आणि तसं कळवलं की तोच आय-१३० नागरिकाच्या बायकोचा होतो, कोट्याबाहेर. पण मधल्या काळात इथं मूल झालं असेल तर सावध. एफ-२ए मध्ये मूल आईच्या अर्जावर आपोआप येतं, नागरिकाच्या बायकोच्या अर्जावर येत नाही, त्याच्यासाठी वेगळा आय-१३० लागतो. आईचा व्हिसा आला आणि बाळाचा राहिला, अशी वेळ येऊ शकते. हे वकिलाला आधीच विचारून ठेवावं.

ब्रिटनवाले वाचक म्हणतील, आमचं काय? तुमच्याकडे निदान रांगेऐवजी किंमत लिहिलेली आहे : बायको आणायची तर एप्रिल २०२४ पासून वर्षाचं उत्पन्न २९,००० पौंड, त्याआधी १८,६०० होतं. गरिबाने प्रेम इथंच आटोपावं, हे त्यांनी निदान स्पष्ट सांगितलं.

साताऱ्याच्या मुलीची फाइल आता कागदपत्रांपर्यंत आली आहे. आणि परवा वकिलाचा निरोप आला. जन्मदाखल्यावर नावच नाही, फक्त 'मुलगी' आणि वडिलांचं नाव. दहावीच्या प्रमाणपत्रात मधलं नाव वडिलांचं. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव वेगळं, ते सासरच्यांनी हौसेने आधार कार्डावर चढवलं. पासपोर्टात मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव माहेरचं. लग्नानंतर नाव बदलू नका, निदान शिक्का पडेपर्यंत तरी, हे मी याच खिडकीतून ओरडून सांगत होतो, तेव्हा स्त्रीमुक्तीवाले आणि संस्कृतिरक्षक दोघेही माझ्यावर सारखेच चिडले होते. आता तिचे वडील नगरपालिकेत जन्मनोंदीत नाव घालून घ्यायला चकरा मारताहेत, आणि चारही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र तयार होतंय. साक्षीदार म्हणून मला बोलावलंय. माझ्या स्वतःच्या आधार कार्डावरचं स्पेलिंग अजून दुरुस्त व्हायचं आहे.